मानसिक आघातातून सावरताना शरीराची भूमिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावरचा अपघात, पूर, आग, मारहाण, लैंगिक अत्याचार, बिबट्याचा हल्ला किंवा जवळच्या माणसाचा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू अशा प्रसंगांनंतर नाशिक शहरातून आणि निफाड, सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी या तालुक्यांतून समुपदेशनासाठी येणारी माणसे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. यातले बरेचसे प्रश्न छाती, पोट, श्वास, झोप आणि हातापायांविषयीचे आहेत. मनाचा विषय त्यांतूनच निघतो, म्हणून उत्तरांची सुरुवातही शरीरापासून केली आहे. उदाहरणांतील तपशील कोणाचीही ओळख पटणार नाही अशा रीतीने बदलले आहेत.

अपघाताला वर्ष झाले, हाड जुळले, जखमा भरल्या. तरीही जोरात हॉर्न वाजला की छातीत धडधड का होते?

धोका जाणवला की मेंदूतील अमिग्डला नावाचा छोटा भाग, नेमके काय घडते आहे हे आपल्याला नीट कळण्याआधीच, साऱ्या शरीराला इशारा देतो. अनुकंपी मज्जासंस्था, म्हणजे शरीराला आपोआप सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे, कामाला लागते, मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलीन सोडतात, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, पोटाकडचे रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते, घशाला कोरड पडते आणि तळहातांना घाम फुटतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि ही तयारी काही काळ टिकवून धरते. ‘लढा किंवा पळा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रतिसादाचे वर्णन वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केले. हा प्रतिसाद म्हणजे बिघाड नव्हे; त्याच्याच बळावर माणूस जळत्या गाडीतून बाहेर पडतो.

अडचण पुढे येते. घडलेली गोष्ट कुठे आणि कधी घडली याची नोंद जुळवण्याचे काम मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग करतो, आणि अतितीव्र भीतीत त्याचे काम विस्कळीत होते. त्यामुळे ब्रेकचा कर्कश आवाज, डिझेलचा वास, समोरून आलेला दिव्यांचा झोत हे तुकडे तारखेशिवाय आणि वेळेशिवाय स्मरणात राहतात. द्वारका चौकात सिग्नलला उभे असताना मागून हॉर्न वाजतो, तेव्हा अपघात होऊन गेला आहे हे तुम्हाला ठाऊक असते. पण शरीराच्या लेखी तो आत्ता होतो आहे. म्हणूनच ‘विसरून जा’ किंवा ‘मन घट्ट कर’ या सल्ल्याचा उपयोग होत नाही. सल्ला विचार करणाऱ्या मेंदूला दिला जातो आणि धडधड दुसरीकडून सुरू होते. धोका टळला आहे हे शरीराला पुन्हा पुन्हा, थोडे थोडे अनुभवावे लागते, आणि उपचारात आम्ही जे काही करतो त्याचा गाभा हाच आहे.

असे झालेल्या प्रत्येकाला आजार जडतो का?

नाही. पहिले काही दिवस दचकणे, झोप उडणे, भूक मरणे, प्रसंग डोळ्यांपुढे येत राहणे हे जवळजवळ सर्वांनाच होते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते काही आठवड्यांत आपोआप ओसरते. एक महिना उलटूनही त्रास कायम असेल, त्या जागा, ती माणसे आणि त्या विषयाचे बोलणे टाळले जात असेल आणि कामधंद्यावर किंवा घरावर परिणाम होत असेल, तर आघातोत्तर तणाव विकृतीचा, म्हणजे पीटीएसडीचा, विचार करावा लागतो. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात हे निदान १९८० मध्ये आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्याच्या जोडीला गुंतागुंतीचा पीटीएसडी हे वेगळे निदान आहे. वर्षानुवर्षे चाललेला घरगुती छळ किंवा बालपणातील अत्याचार यांसारख्या, सुटका अवघड असलेल्या अनुभवांनंतर ते विशेषकरून आढळते.

मला स्वतःला काहीच झाले नाही, मी फक्त पाहिले. तरी त्रास का?

पाहणाऱ्याचे शरीरही त्याच इशाऱ्याने पेटून उठते. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे शहरालगत खासगी बस पेटली तेव्हा मदतीला धावलेले लोक, किंवा २१ एप्रिल २०२१ रोजी रुग्णालयातील टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली तेव्हा वॉर्डात असलेले नातेवाईक आणि परिचारिका यांना आपण ‘फक्त पाहणारे’ म्हणू शकत नाही. मदत करण्याची धडपड करूनही हाती काही लागले नाही, अशा वेळी तर हा ताण अधिक खोल जातो. आपल्यापेक्षा दुसऱ्याचे दुःख मोठे आहे म्हणून आपला त्रास लपवून ठेवू नये.

त्या वेळी मी ओरडले नाही, पळाले नाही, नुसती गोठून गेले. ही माझी चूक आहे का?

नाही. या पानावर एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचावे, कारण या एका प्रश्नापायी माणसे वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत राहतात.

लढणे आणि पळणे यांखेरीज शरीराकडे तिसराही प्रतिसाद असतो. सुटकेचा मार्ग दिसत नाही, समोरची ताकद फार मोठी आहे, अशा वेळी हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, अंग थिजते किंवा गळून जाते. काहींना वेदनाही जाणवत नाहीत, आणि आपण स्वतःकडे लांबून पाहतो आहोत असे वाटते. अनेक प्राण्यांमध्ये हा प्रतिसाद दिसतो, आणि तो इच्छेने निवडलेला नसतो. दिंडोरीकडच्या मळ्यात बिबट्या समोर आल्यावर जागच्या जागी खिळून राहिलेल्या शेतकऱ्याला गावात कोणी भित्रा म्हणत नाही. मग अत्याचाराच्या वेळी थिजून गेलेल्या बाईला ‘तू आरडाओरडा का केला नाहीस’ असे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. कायद्यानेही हे मान्य केले आहे. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही, असे बलात्काराच्या व्याख्येतच म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद आहे आणि त्याआधीच्या दंडसंहितेतही ती होती.

असा अनुभव घेतलेल्या व्यक्तीला पुढेही तणावाच्या प्रसंगी बधिरपणा येऊ शकतो. घरात मोठ्याने भांडण झाले तरी अंग सुन्न होते, समोरचा काय बोलतो ते ऐकू येत नाही, आणि घरच्यांना वाटते की ही मुद्दाम गप्प बसली आहे. उपचारात अशा वेळी शांत होण्याऐवजी थोडी हालचाल जागवण्यावर भर दिला जातो. उभे राहणे, टाचा जमिनीवर दाबणे, तळहात एकमेकांवर जोराने घासणे, मान वळवून खोलीभर नजर फिरवणे अशा साध्या गोष्टींनी सुरुवात होते. आधीच बधिर झालेल्या माणसाला डोळे मिटून स्वस्थ पडायला सांगितल्यास तो आणखी दूर जाण्याची शक्यता असते.

ईसीजी, रक्ततपासणी, सोनोग्राफी सगळे नॉर्मल आले. म्हणजे हे मनाचे खेळ आहेत का?

त्रास खरा असतो, म्हणून ‘मनाचे खेळ’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. मज्जासंस्था दीर्घकाळ सावध राहिली तर मान आणि खांदे आखडतात, डोके दुखते, पोट बिघडते, जबडा आवळला जातो आणि पाळीच्या तक्रारी वाढू शकतात. ईसीजीत दिसत नाही म्हणून ठोके वाढले नव्हते असे होत नाही. तपासणीच्या वेळी ते वाढलेले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

तरीही तपासणीचा टप्पा वगळू नये. थायरॉइडचा आजार, रक्तक्षय आणि हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता यांतही धडधड आणि घाबरेपणा होतो. अपघातात डोक्याला मार लागला असेल तर डोकेदुखी, चिडचिड, विस्मरण आणि झोपेची तक्रार मेंदूच्या दुखापतीमुळेही असू शकते आणि ती पीटीएसडीसारखीच दिसते. डॉक्टरांकडे जाताना ‘छातीत दुखते’ एवढेच सांगू नये, ‘त्या घटनेनंतर हे सुरू झाले’ हेही सांगावे. गर्दीच्या ओपीडीत ही एक ओळ सांगायची राहून जाते आणि माणूस वर्षभर ॲसिडिटीची औषधे घेत राहतो.

आघात स्नायूंमध्ये साठून राहतो आणि मालिश किंवा शिबिरात तो ‘बाहेर काढता’ येतो, हे खरे आहे का?

शब्दशः खरे नाही. खांद्याच्या स्नायूत किंवा कंबरेच्या सांध्यात कोणतीही आठवण साठलेली नसते. मेंदू आणि मज्जासंस्था धोक्याचा एक धडा शिकतात आणि त्या धड्याप्रमाणे स्नायूंना आखडून ठेवतात, म्हणून आठवण खांद्यात असल्यासारखी वाटते. चोळण्याने तात्पुरते बरे वाटेल, पण धडा बदलल्याशिवाय स्नायू पुन्हा आखडतो.

एकाच बैठकीत सगळे बाहेर काढून देतो, रडा, ओरडा, मोकळे व्हा, असे सांगणाऱ्या कार्यक्रमांना माझा स्पष्ट विरोध आहे. आघाताच्या क्षणी माणसाच्या हातातून सुटलेली मुख्य गोष्ट म्हणजे स्वतःवरचे नियंत्रण. तेच नियंत्रण दुसऱ्याच्या हाती देऊन भावनांचा महापूर आणला, तर शरीराला तोच अनुभव दुसऱ्यांदा मिळतो. चांगल्या उपचारात वेग रुग्ण ठरवतो, थांबा म्हटले की थांबले जाते, आणि भेट संपेपर्यंत माणूस पुन्हा स्थिर झाला आहे याची खात्री केली जाते. शरीरावर भर देणाऱ्या काही पद्धतींचे पुरावे अजून तोकडे आहेत, आणि त्यांच्यामागे सांगितल्या जाणाऱ्या व्हेगस नर्व्हविषयीच्या, म्हणजे मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूविषयीच्या, काही सिद्धान्तांवर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. त्यामुळे या पद्धती मुख्य उपचाराच्या जोडीला घ्याव्यात, त्याच्या जागी नव्हे.

प्राणायाम करावा का? कोणता?

श्वास ही शरीराची अशी क्रिया आहे की जी आपोआप चालते आणि इच्छेनेही बदलता येते, म्हणून तिचा उपयोग मोठा आहे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते आणि घेताना किंचित वाढते. या मंदावण्यामागे व्हेगस ही दहावी कपालतंत्रिका असते, आणि तिच्यातील बहुसंख्य तंतू शरीराकडून मेंदूकडे बातमी नेणारे असतात. विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. तो वेग सावकाश आणत मिनिटाला सहाच्या आसपास आणला आणि उच्छ्वास थोडा लांबवला तर अनेकांना काही मिनिटांत उतार जाणवतो.

मात्र भस्त्रिका आणि कपालभाती यांसारख्या वेगवान क्रियांनी ठोके वाढतात, चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात आणि ज्याला आधीच धास्तीचे झटके येतात त्याला झटका आल्यासारखे वाटते. श्वास रोखून धरणारा कुंभक तर पाण्यात बुडताना वाचलेल्या किंवा गळा दाबला गेलेल्या व्यक्तीला सुरुवातीला अजिबात देऊ नये. काही जणांना श्वासाकडे लक्ष देणेच त्रासदायक होते. त्यांनी श्वासाचा नाद सोडून द्यावा आणि तळपायांकडे, हातातील कपाच्या उबेकडे किंवा खिडकीबाहेरच्या आवाजाकडे लक्ष न्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

योगवर्गाला जायचे असेल तर काय पाहावे?

नाशिकमध्ये योगाची परंपरा भक्कम आहे आणि वर्ग जवळपास प्रत्येक उपनगरात आहेत, म्हणून हा प्रश्न नेहमी येतो. उपचारांना दाद न देणारा पीटीएसडी असलेल्या ६४ स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १० आठवड्यांच्या योगवर्गानंतर त्या गटातील निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांना ते निदान लागू राहिले नाही; आरोग्यविषयक माहितीचा वर्ग दिलेल्या गटात हे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. अभ्यास लहान आहे, तरी त्यात शिकवण्याची रीत कशी होती हे महत्त्वाचे. तेथे शिक्षक स्पर्श करून आसन दुरुस्त करत नव्हते, ‘हवे असल्यास हात वर न्या’ अशी सूचना देत होते आणि नको असलेले आसन सोडण्याची मुभा होती.

म्हणून शिक्षकांना आधी एवढेच विचारावे की स्पर्श न करता शिकवाल का, डोळे उघडे ठेवले तर चालेल का, आणि मध्येच उठून बाहेर गेले तर हरकत नाही ना. तपशील सांगण्याची गरज नाही. बसण्याची जागा दाराजवळ, पाठ भिंतीकडे अशी निवडावी. शवासन हे सर्वांत सोपे आसन समजले जाते; आघात झालेल्या व्यक्तीला मात्र अनोळखी लोकांत डोळे मिटून उताणे पडणे सर्वांत अवघड जाते. त्याऐवजी भिंतीला टेकून बसले तरी चालते.

गोदेला पाणी चढले, ढोल वाजले किंवा गर्दी झाली की त्रास उसळतो. त्या क्षणी काय करावे?

ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांत ज्यांच्या घरात किंवा दुकानात पाणी शिरले, त्यांपैकी काहींना आजही पावसाच्या दिवसांत रात्री उठून दारापर्यंत जाऊन पाहावे लागते. गोदापात्रात पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आले अशी बातमी कानावर पडली की पोटात गोळा येतो. २००३ च्या सिंहस्थातील चेंगराचेंगरीतून वाचलेल्यांना रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद गल्ल्या आजही नको वाटू शकतात. विसर्जन मिरवणुकीतील ढोलाचा ठोका तर छातीत प्रत्यक्ष जाणवतो, आणि धडधडणाऱ्या हृदयापासून तो वेगळा ओळखणे शरीराला अवघड जाते.

त्या क्षणी आधी शरीराला आजचा दिवस दाखवावा. उभे असाल तर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकवा आणि आलटूनपालटून भार द्या. हाताशी ओटा, कठडा, दाराची चौकट जे असेल त्याची कड बोटांनी चाचपून पाहा; ती थंड आहे की उबदार, गुळगुळीत की खरबरीत, हे स्वतःशी बोला. मान सावकाश वळवून बाहेर पडण्याची वाट कुठे आहे ते पाहा, समोरच्या दुकानाची पाटी वाचा, आजची तारीख मोठ्याने म्हणा. मग उच्छ्वास लांबवा. चेहऱ्यावर गार पाणी मारल्याने काहींचे ठोके लवकर खाली येतात. हे सारे त्रास नसताना दररोज करून ठेवावे लागते, नाहीतर ऐन वेळी आठवत नाही. आणि ज्या पुरात खरोखर पाणी वाढते आहे, त्या वेळी श्वासाचे व्यायाम करत बसू नये. सामान उचलून वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे जावे. भीती प्रत्येक वेळी चुकीची नसते.

जी जागा किंवा जे काम नकोसे झाले आहे, तेथे परत जाता येईल का?

बहुतेक वेळा येते, पण पायरीपायरीने. टाळण्याने त्या दिवसापुरते बरे वाटते आणि भीती मात्र जागच्या जागी पक्की होते, कारण ‘गेलो आणि काही झाले नाही’ हा अनुभव शरीराला मिळतच नाही.

कसारा घाटात साथीदाराची गाडी दरीत जाताना पाहिलेले एक चालकदादा सांगत असत की घोटीचा टोलनाका ओलांडला की बोटे स्टिअरिंगवर आवळली जातात, डावा खांदा कानापर्यंत चढतो आणि क्लचवरचा पाय लाकडासारखा होतो. त्यांचे काम आडगावच्या ट्रक टर्मिनसमध्ये, बंद गाडीच्या केबिनमध्ये बसण्यापासून सुरू झाले. पाठ सीटला टेकलेली आहे का, बोटे किती आवळली आहेत, ती जाणूनबुजून आणखी आवळून मग सैल सोडल्यावर मनगटात काय वाटते, एवढेच ते पाहत. पुढे इंजिन सुरू ठेवून बसणे, मग विल्होळीपर्यंतची फेरी, मग घोटी, आणि त्यानंतर अनुभवी मित्राला शेजारी बसवून दिवसाउजेडी घाट. प्रत्येक टप्प्यावर भीती चढली की गाडी सुरक्षित जागी उभी करून ती उतरेपर्यंत थांबायचे, आणि मगच पुढे किंवा मागे जायचे ठरवायचे. एकदा त्यांनी घोटीहून गाडी परत आणली आणि त्यांना ती हार वाटली. मला मात्र त्यांनी स्वतः थांबण्याचा निर्णय घेतला हे पुढे जाण्याइतकेच मोलाचे वाटले. पुढे घाटात खांदा चढत असेच, पण चढतो आहे हे त्यांना कळू लागले होते आणि ते तो खाली आणू शकत होते. अशी योजना प्रशिक्षित व्यक्तीच्या मदतीने आखावी. आणि ज्या घरात मारहाण चालूच आहे तेथे ‘सराव’ म्हणून परत जाणे हा उपचार नव्हे.

व्यायामाचा उपयोग होतो का?

होतो. भरभर चालण्याने ठोके वाढतात, घाम येतो, दम लागतो, आणि थांबल्यावर सारे खाली येते. ठोके वाढणे म्हणजे संकट नव्हे, हे शरीर यातून शिकते. गोल्फ क्लब मैदानावर किंवा गंगापूर रस्त्याच्या जॉगिंग ट्रॅकवर, सोबत कोणाला घेऊन, उजेडात चालणे ही चांगली सुरुवात आहे. हृदयविकार, गरोदरपण किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करावे.

रात्री झोप लागत नाही, थोडी घेतली की झोप येते. घ्यावी का?

दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते आणि वाईट स्वप्नेही वाढू शकतात. अनेक घरांत आघातापेक्षा नंतरचे व्यसन अधिक नुकसान करते. झोपेच्या गोळ्यांबाबतही सावध राहावे. डायझेपाम, अल्प्राझोलाम या गटातील औषधे आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्याच्या लक्षणांसाठी देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि त्यांची सवयही लागते. ती आधीपासून घेत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करावीत. वारंवार येणाऱ्या एकाच दुःस्वप्नासाठी वेगळी पद्धत आहे: दिवसा, जागेपणी, त्या स्वप्नाचा शेवट आपल्या मनाप्रमाणे बदलून लिहायचा आणि झोपण्यापूर्वी तो बदललेला प्रसंग मनात उजळवायचा.

घडलेले सगळे बोलून दाखवल्याशिवाय बरे होता येत नाही का?

पहिल्या काही दिवसांत तर कोणालाही खोदून विचारू नये. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सारे वदवून घेण्याची पद्धत पूर्वी प्रचलित होती. तिने पीटीएसडी टळत नाही आणि काहींना अपायही होतो, हे पुढे स्पष्ट झाले. त्या काळात सुरक्षित जागा, पाणी, अन्न, अंगावर पांघरूण, हरवलेल्या नातेवाइकांची माहिती आणि शेजारी शांतपणे बसणारे माणूस यांची खरी गरज असते.

त्रास टिकून राहिला तर आघातकेंद्रित बोधात्मक वर्तन उपचार आणि ईएमडीआर या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. पहिलीत घटनेची आठवण आणि तिच्याशी जोडलेले ‘माझ्यामुळेच झाले’ यासारखे विचार टप्प्याटप्प्याने हाताळले जातात. दुसरी फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ पासून विकसित केली. तिच्यात आठवण मनात धरून, उपचारकाच्या हलत्या बोटामागे नजर डावीकडून उजवीकडे न्यायची असते आणि मधूनमधून शरीरात काय जाणवते ते सांगायचे असते. घटनेचा सारा तपशील मोठ्याने सांगावा लागत नाही. डोळ्यांच्या हालचालीचा नेमका वाटा किती, याविषयी वाद आहे, परिणामाविषयी तितका नाही. साधारण ८ ते १२ भेटींत अनेकांना चांगला फरक पडतो. बालपणापासून चाललेल्या अत्याचारात अधिक काळ लागतो. औषधांपैकी सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन यांचा उपयोग होतो, पण ती मानसोपचारतज्ज्ञांनीच द्यावीत.

लहान मुलांत हे कसे ओळखावे?

मूल सांगत नाही, त्याचे शरीर सांगते. पुन्हा अंथरूण ओले होणे, शाळेच्या वेळी पोट दुखणे, आईचा पदर न सोडणे, तोच अपघात खेळण्यातल्या गाड्यांनी पुन्हा पुन्हा खेळणे ही लक्षणे असतात. रागावू नये. जेवणाची, झोपेची, शाळेची वेळ जितकी लवकर पूर्ववत होईल तितके बरे, आणि निजताना थोपटणे, गोष्ट सांगणे या जुन्या सवयी वय वाढले म्हणून बंद करू नयेत. मूल प्रश्न विचारेल तेव्हा खरे, पण थोडक्यात उत्तर द्यावे.

घरच्यांनी काय करावे?

मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नये. समोरून यावे, नावाने हाक मारावी आणि जवळ घेण्यापूर्वी विचारावे. झोपेतून उठवताना अंग हलवण्याऐवजी पायथ्याशी उभे राहून हाक द्यावी. पती-पत्नीच्या जवळिकीत नकार आला तर तो आपल्यावरचा राग समजू नये. ‘अजून किती दिवस?’ हा प्रश्न टाळावा.

गावाकडे बाहेरची बाधा म्हणतात आणि देवऋषाकडे न्यायला सांगतात. काय करावे?

देवदर्शन, आरती, काकडा, गोदेवरचे स्नान यांनी धीर येत असेल तर ते अवश्य करावे. चारचौघांत एका लयीत टाळ वाजवणे, भजन म्हणणे यातून एकटेपणही कमी होते. मात्र मारणे, उपाशी ठेवणे, साखळीने बांधणे, धुरी देणे असले उपाय आघातावर दुसरा आघात करतात, आणि महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली असे छळ करणे गुन्हा आहे.

नाशिकमध्ये मदत कोठे मिळेल आणि पहिल्या भेटीत काय होते?

त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा शासकीय रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकार विभागात जाता येते. घरबसल्या बोलायचे असल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येते. तातडीच्या संकटात ११२, स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यांपैकी कोठेही संपर्क साधावा आणि घरातील एका माणसाला सांगावे. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांवर सरकारी आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांनी तत्काळ विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ नुसार सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा हक्क आहे, उपचारांची माहिती गोपनीय राहते, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे.

पहिल्या भेटीत घटनेचा तपशील सांगावाच लागत नाही. झोप, भूक, दुखणी, चालू औषधे, घरी सोबत कोण आहे आणि आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का, हे विचारले जाते. कोणत्या खुर्चीत बसायचे, दार उघडे ठेवायचे की बंद, सोबत आलेल्या माणसाने आत थांबायचे की बाहेर, हे तुम्ही सांगू शकता. बोलता बोलता हात थरथरू लागले तर तसे सांगा. तेथेच थांबून आधी त्या हातांकडे पाहिले जाईल. येताना जुने रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या आणाव्यात, आणि परतीचा प्रवास दुचाकीवर एकट्याने करावा लागणार नाही अशी सोय करावी, कारण पहिल्या भेटीनंतर बहुतेकांना फार थकवा येतो.